वाट पाहिलेले माहितीपट

तुमचा प्रश्न असा आहे: "निसर्गावरचे आणि गुन्ह्यांवरचे माहितीपट भरपूर पाहून झाले, आता सगळे सारखेच वाटतात. तुम्हाला मनापासून आवडलेले, पुन्हा पाहावेसे वाटणारे माहितीपट सुचवाल का? शक्यतो आपल्याकडचे."

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण माडीवरच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर लावून माहितीपट बघतो. कितीतरी वर्षं हे चाललंय, त्यामुळे नावं पुष्कळ सुचतात. पण निवडताना मी एकच बघते: करणाऱ्याने वाट पाहिलीये का?

गुन्ह्यांवरच्या मालिका सारख्या वाटतात त्याचं कारण मला हेच दिसतं. घटना कधीच घडून गेलेली असते, कॅमेरा मागाहून पोचतो. मग नट आणून ती पुन्हा घडवतात, खाली धडधडणारं संगीत लावतात आणि एक आवाज आपल्याला घाबरायला सांगत राहतो. माझे आवडते माहितीपट याच्या उलटे आहेत. तिथे कॅमेरा आधी जाऊन उभा राहिलेला असतो आणि घडेपर्यंत तिथून हलत नाही.

आपल्याकडे ही रीत पहिल्यापासून आहे. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तेव्हा आपल्याकडे कथापट जन्मालाही आला नव्हता. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, त्यांची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली आणि पडद्यावर कोंब बघता बघता वर चढताना दाखवला. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. ती बघून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं तेव्हाचे. त्या घुमटाच्या इमारतीवरून जाताना मला ती कुंडी आठवते. रोज उठून एका रोपापुढे कॅमेरा लावणारा माणूस म्हणजे माहितीपट, असं मी आमच्या मंडळींना सांगते.

आता नावं. सगळ्यात आधी फरिदा पाचा यांचा 'माय नेम इज सॉल्ट', २०१३ चा. कच्छच्या छोट्या रणात अगरियांचं, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांचं, एक कुटुंब पावसाळा सरल्यावर मुलाबाळांसकट जातं आणि आठ महिने मीठ पिकवतं. निवेदन नाही, मुलाखत नाही, आकडे नाहीत. सुरुवातीला चहूकडे फक्त भेगाळलेली सपाट जमीन, आणि एक माणूस ती उकरतोय. मातीतून हळूहळू डिझेल इंजिन वर येतं. मागच्या वर्षी जाताना त्यांनीच ते पुरून ठेवलेलं असतं. मग इंजिनाची साफसफाई, ते सुरू होण्याची धडपड, जमिनीखालचं खारं पाणी वर ओढणं, वाफे बांधणं. नंतर सगळं घर रांगेने त्या वाफ्यांत उतरून पायांनी चिखल तुडवतं. तो तुडवण्याचा प्रसंग बराच वेळ चालतो. पहिल्यांदा पाहताना आमच्यातल्या एकाने "पुढे काय?" असं विचारलं, आणि थोड्या वेळाने तोच त्या पावलांच्या तालावर मान हलवत होता.

त्यातलं काही मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मिठाचा खडा तयार होताना तुम्ही तो स्वतः बघायला हवा. पण एवढं लक्षात ठेवा की या सगळ्या खटाटोपानंतर व्यापारी येतो आणि मीठ हातात घेऊन बघतो. त्या वेळी त्या कुटुंबाइतकंच आपणही त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो. पुढे पाऊस येतो आणि रण पुन्हा पाण्याखाली जातं. आम्ही गुजरातेत जन्म काढला, रणाची उत्सवातली छायाचित्रं हजारदा पाहिली, पण ते मीठ कसं येतं हे मला पन्नाशीत या दीड तासाने दाखवलं.

त्यानंतर दोन माहितीपट, आणि ते पाठोपाठ बघा, कारण एकाच मांजाची ती दोन टोकं आहेत. पहिला 'अमदावाद मा फेमस', हार्दिक मेहतांचा, अर्ध्या तासाचा. सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधला, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधला, एक लहान मुलगा उत्तरायणाला, आपल्या संक्रांतीला, पतंगांमागे पळतो, या गच्चीवरून त्या गच्चीवर. कॅमेरा त्याच्यामागे पळतो, पत्रे वाजतात, लोक ओरडतात, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर जिंकायची अशी काही भूक आहे की आपल्याला त्याची काळजीही वाटते आणि त्याच्या हातात पतंग यावा असंही वाटतं. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही तो चेहरा ओळखीचा वाटेल. चौदा जानेवारीला आमची अख्खी गल्ली अगासीवर, म्हणजे गच्चीवर, असते, आणि पंधराला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा असते.

दुसरा शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स', २०२२ चा. सनडान्स चित्रपट महोत्सवात तो गाजला, कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला, ऑस्करच्या नामांकनातही होता. पण पुरस्कारांमुळे मी सांगत नाहीये. दिल्लीच्या वझिराबादमध्ये दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. तरुणपणी दोघांना शरीर कमवायचा नाद होता, त्यामुळे स्नायू आणि शिरा यांची थोडी ओळख होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पंख बांधायला सुरुवात केली. या घारी जखमी होतात त्याचं एक मोठं कारण पतंगाचा मांजा. शहराचा धूर, त्या वेळचे दंगे, घरातल्या कुरबुरी हे सगळं आजूबाजूला चालू असतं आणि कॅमेरा जमिनीलगत सरकत उंदीर, कासव, डबक्यातले किडे दाखवतो. कुणी भाषण देत नाही. त्यांच्याबरोबर काम करणारा मुलगा रिक्षातून जाताना शर्टाच्या खिशातून खारीचं पिल्लू बाहेर काढतो. एकदा एक घार त्या मुलाचा चष्माच उचलून नेते. असे क्षण ठरवून मिळत नाहीत.

हा बघितला त्याच्या पुढच्याच उत्तरायणाला आमच्या अगासीवर एक कबूतर येऊन पडलं. पंखाच्या सांध्यात मांजा इतका आत गेला होता की दोरा दिसत नव्हता, फक्त लाल रेघ. माझ्या भाच्याने त्याला टॉवेलात धरलं, मी नखं कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापत गेले. माझ्या बोटांना मांजाचा गुलाबी रंग लागला, काचेची बारीक कचकच लागली. उरलेलं काम पक्ष्यांच्या तात्पुरत्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी केलं. त्या वर्षापासून आमच्या घरात साधा सुती दोरा येतो. भाचा कुरकुरतो, त्याचे पतंग पटापट कापले जातात, पण फिरकी तोच आणतो.

"शक्यतो आपल्याकडचे" असं तुम्ही म्हणालात, तरी एक बाहेरचा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाचा 'ग्लास', १९५८ चा, जेमतेम अकरा मिनिटांचा, ऑस्कर मिळालेला. काच फुंकणारे कारागीर आणि बाटल्या बनवणारं यंत्र, बस्स. शब्द जवळजवळ नाहीत, जॅझ संगीत आहे. कारागिराचे गाल फुगतात, नळीच्या टोकाचा लाल गोळा फिरत फिरत आकार घेतो. मग अचानक कारखाना: एकसारख्या बाटल्या पट्ट्यावरून येतायत, एक यंत्र त्यांची मान पकडून पुढे देतंय, आणि एका बाटलीची मान तुटलेली निघते. यंत्राला ते कळत नाही. ते पकडतच राहतं आणि मागच्या बाटल्या एकावर एक आदळून फुटत जातात, शेवटी माणसाचा हात येईपर्यंत.

हा लावला तेव्हा शेजारचे काका आले होते. त्यांनी सगळी नोकरी इथल्याच काचेच्या कारखान्यात केली. कारागीर दिसत होते तोवर ते गप्प होते. मान तुटलेली बाटली आली तशी खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "पट्टा थांबव, पट्टा थांबव!" संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि त्या कारागिरांच्या हाताकडे बोट दाखवून कोण उजव्या हाताने फिरवतोय, कोण थांबतोय, कुणाचा गोळा थंड होत चाललाय हे आम्हाला समजावलं. अकरा मिनिटांचा माहितीपट त्या दिवशी दीड तास चालला.

माझ्या कसोटीला वरवर न बसणारा एक आहे: सत्यजित राय यांचा 'द इनर आय', १९७२. वीसेक मिनिटांचा, निवेदनही रायांचंच. पण ज्यांच्यावर आहे ते चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनात रायांचे शिक्षक होते. ते गुरू-शिष्य भेटले ते १९४० च्या सुमारास, आणि चित्रपट तीस वर्षांनी झाला. मध्ये विनोदबिहारींची दृष्टी पूर्ण गेली. फरशांच्या भित्तिचित्रावरून फिरणारे त्यांचे हात बघा. मी फाइन आर्ट्सला शिकले, तिथे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं. ते विनोदबिहारींचे विद्यार्थी. आणि बडोद्याला कधी आलात तर कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघा. विनोदबिहारी आणि राय या दोघांचेही ते गुरू. 'द इनर आय' बघून त्या भिंतींपुढे उभं राहिलं की एकेक रेघ वेगळी दिसते.

मराठी माणसाने बघायलाच हवेत असे दोन. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा, महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या फिरत्या तंबू थिएटरांवर. आठ वर्षं ते त्या ट्रकांमागे फिरले, त्यामुळे रिळांचा प्रोजेक्टर जाऊन डिजिटल येताना आपल्याला दिसतं. स्वतः घडवलेला प्रोजेक्टर दाखवणारे म्हातारे मिस्त्री त्यात आहेत, ते मला फार आवडतात.

दुसरा आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये घोगरे गायले होते, त्यामुळे ही ओळखीच्या माणसाची गोष्ट होती. पटवर्धन तिच्यामागे चौदा वर्षं राहिले आणि २०११ मध्ये चित्रपट आला. लांबी तीन तासांच्या आसपास. शाहिरी, कव्वाली, वस्तीतल्या बायकांची गाणी यांनी तो भरलेला आहे. राजकारण पटो न पटो, आपल्याच भाषेतली इतकी गाणी आपण ऐकलेली नसतात हे त्या रात्री आमच्या खोलीत सगळ्यांना जाणवलं. संपल्यावर पंखे बंद करायलाही कुणी उठलं नाही.

शोधायचं कुठे, तर फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या माहितीपटांचा मोठा साठा यूट्यूबवर आहे. तिथे एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय अॅम ट्वेंटी' मिळाला तर घरातल्या ज्येष्ठांबरोबर बघा. १९४७ मध्ये जन्मलेली मुलं १९६७ मध्ये देशाबद्दल काय बोलत होती, ते त्यात त्यांच्याच तोंडून आहे. माझे बाबा साधारण त्याच वयाचे, ते दर दोन वाक्यांनी थांबवायला सांगत होते.

सुरुवात 'ग्लास'पासून करा, मग 'सॉल्ट'. पतंगांची जोडी जानेवारीसाठी ठेवलीत तर उत्तम. आम्ही येत्या रविवारी रेणू सावंत यांचा 'मेनी मंथ्स इन मिऱ्या' लावणार आहोत, रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावाचा. जवळजवळ चार तासांचा आहे, म्हणून चारलाच सुरू करायचं आणि मध्ये शेवउसळीला उठायचं असं ठरलंय.