आजीनं खुरसाला माळ का घातली?

प्रिय बाबू,

काल फोनवर तू विचारलंस, "आजोबा बांबोळीच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होते तेव्हा आजीनं तिथल्या फुलांच्या खुरसाला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या क्रुसाला, माळ घातली. आपण हिंदू ना? आणि त्यानंच आजोबा बरे झाले का?" मला ड्यूटीला पळायचं होतं, म्हणून आज सवडीनं लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आजोबांना बरं केलं ते डॉक्टरांनी आणि औषधांनी. मी नर्स आहे, इथं मी गुळमुळीत बोलणार नाही. पण वॉर्डाबाहेर जी माणसं रात्ररात्र बसून असतात, त्यांना कोणी सलाईन लावत नाही. आजी उठून त्या खुरसाकडे गेली ती त्यासाठी. तिथं तुझा धर्म कुठला, असं कोणी विचारत नाही. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरी मातेला, तर आपले गोव्यातले हिंदू लोक लईराई देवीची बहीणच मानतात आणि फेस्ताला, तिच्या सणाला, तेल घेऊन रांगेत उभे राहतात. आजीनं जगावेगळं काही केलेलं नाही.

हे सगळं पहिल्यापासून गोडीगुलाबीनं चालत आलंय असं मात्र समजू नकोस. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून छळणारं चर्चचं न्यायालय, आणलं. मोठा झालास की ते नीट वाच. त्याच काळात नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं. फादर थॉमस स्टीफन्सनी त्यांच्यासाठी येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. हे स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशायरचे, म्हणजे मी राहते त्या स्विंडनच्याच बाजूचे!

पण ख्रिस्ती माणसाची श्रद्धा मी पाहिली ती पुस्तकात नाही, आपल्या शेजारच्या बायकडे. तिचा थोरला मुलगा तारवटी, बोटीवर नोकरीला. तो बोटीवरच वारला. मी तेव्हा तुझ्याएवढी होते. रोज संध्याकाळी वाड्यावरची माणसं तिच्या घरी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, जमायची. तेर्सात प्रार्थनेचा अर्धा भाग एकानं म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. बाय सुरू करायची आणि मध्येच तिचा गळा दाटायचा. मग कोपऱ्यातलं कोणीतरी तिचा भाग उचलायचं, बाकीचे आपला म्हणायचे, आणि तिच्या बोटांतला मणी पुढे सरकायचा. "रडू नको" असं तिला कोणी म्हणत नसे. आजीला त्यातलं अक्षर येत नव्हतं. ती मागच्या दारानं पेजेचं भांडं ठेवून यायची.

एकदा आजीनं तिला विचारलंच, देवाचा राग नाही येत? बाय म्हणाली, "येता मगे! जेजूनंसुद्धा खुरसावर विचारलं होतं, देवा, मला का सोडलंस म्हणून. मग मी विचारलं तर तो काय रागावणार?"

मुलगा काही परत आला नाही. पण पुढच्या वर्षी कधीतरी बाय बांगड्यांच्या भावावरून मासळीवालीशी कडाकडा भांडली. आजी घरी येऊन आजोबांना म्हणाली, "सुटली एकदाची!" ती इतकी खूश का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आजीनं खुरसाकडे काय आंगवण केली, कसला नवस बोलली, ते तिलाच विचार. सांगायची नाही म्हणा, मी विचारून थकले. आणि आजोबांची रात्रीची गोळी जेवणानंतर, आधी नव्हे. ते ऐकत नाहीत, तू लक्ष ठेव.

तुझी,
आई