आपल्याकडे गाडीला थंडी नाही, अर्थिंग आडवी येते

भाऊ, इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाव दर्यापूरच्या पलीकडे, रोज अमरावतीला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, बहिणीचं सासर चिखलदऱ्याला. नॉर्वेतल्या ओस्लोत नोकरी करणारा तुमचा भाऊ फोनवर सांगतो की हिवाळ्यात त्याची इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ तिसरा हिस्सा कमी धावते, म्हणून तू या भानगडीत पडू नको. आणि वडील विचारतात, आपली डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) हे ओझं झेलेल का?

माझं गाव आर्वी तालुक्यात. चोवीस युनिटच्या (किलोवॉट-तासांच्या) बॅटरीची छोटी गाडी वापरून तीन उन्हाळे काढले आहेत. माझ्या मते तुमचा भाऊ खरं सांगतोय, पण ते तिकडचं खरं आहे. वडिलांची शंका मात्र इथली आहे आणि पैसे भरण्याआधी तिचाच निकाल लावायला हवा.

आधी थंडीचं बोलून घेतो. लिथियमची बॅटरी गारठली की आतली रासायनिक क्रिया मंदावते, विरोध वाढतो आणि तेवढ्याच चार्जमध्ये गाडी कमी जाते. शून्याच्या खाली बॅटरी जोरात चार्ज केली तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. ते कायमचं नुकसान, म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःच चार्जिंग हळू करते. पण रेंज खाणारी मोठी गोष्ट केबिनचा हीटर आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे ती बॅटरीतून काढावी लागते. बाहेर उणे १५ आणि आत २२ म्हणजे ३७ अंशांचा फरक. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत २६ धरले तर फरक १९ अंशांचा. त्यातही एसी उष्णता नुसती उचलून बाहेर टाकतो, त्याला एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटचं काम जमतं. साध्या हीटरला एका युनिटमध्ये एकाच युनिटची ऊब देता येते. म्हणून तिकडे हीट पंप (एसीसारखाच, पण बाहेरची उष्णता आत आणणारा) असलेली गाडी शोधतात आणि निघण्याआधी, चार्जिंगची गन लावलेली असतानाच बॅटरी गरम करून घेतात. एवढं सगळं असूनही नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. हे भावाला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

आता आपला हिवाळा. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. तेव्हा पेपरात किती गाजलं होतं! तरी तेही शून्याच्या वरच. माझ्या गाडीत डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी एवढंच जाणवतं की स्क्रीनवर दहा-बारा किलोमीटर कमी दिसतात आणि पहिले चार-पाच किलोमीटर पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही, कारण पाय उचलला की मोटार वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते आणि थंड बॅटरी ही परतीची वीज पटकन घेत नाही. पऱ्हाटीवरचं दव वाळेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं.

चिखलदऱ्याची काळजी करू नका. ते साधारण ११०० मीटरवर आहे. परतवाड्यातून वर चढायला दोन-तीन युनिट जास्तीची जातात आणि उतरताना त्यातली बरीच परत बॅटरीत येतात. एक मात्र पाळा: बहिणीकडे रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज ठेवायला जागा नसते, मग सगळा घाट ब्रेकवर उतरावा लागतो. वरून निघताना ऐंशीच्या आसपास असली की पुरे.

आपल्याकडे बॅटरी म्हातारी होते ती उन्हाने. जास्त तापमान आणि जास्त चार्ज हे दोन्ही एकत्र आले की तिचं वय लवकर वाढतं. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची बॅटरी उन्हाला जास्त सोसते. थंडीत ती जास्त कुरकुरते, पण तो ओस्लोवाल्यांचा प्रश्न. तुम्ही एलएफपी आणि द्रवाने थंड होणारा बॅटरी पॅक असलेलीच गाडी बघा. आपल्या बजेटात अशा मिळतात. आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, त्याने टक्क्यांचा हिशोब बरोबर राहतो. पण मे महिन्यात भरलेली गाडी दिवसभर उन्हात सोडू नका. अमरावतीत कामाच्या ठिकाणी झाडाखालची जागा मिळत असेल तर त्यासाठी पाच मिनिटं चालावं लागलं तरी चाला. मी गोठ्याला लागून टिनाची पडवी काढली, त्यावर तुरीच्या तुराट्या पसरल्या. नुसत्या टिनाखाली हात धरवत नव्हता, तुराट्यांनी फरक पडला.

आता मुद्द्याचं. गाडी आणली ती एप्रिलची गोष्ट. शोरूमवाल्याने चार्जर दिला, घरी येऊन भिंतीवर ठोकून दिला आणि अर्थिंग तुमची तुम्ही बघा म्हणून निघून गेला. पंधरा दिवस ठीक चाललं. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री गन लावली तर चार्जरवर लाल दिवा. काढून लावली, परत लाल. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पची एक तार फेजला आणि दुसरी अर्थच्या पिनेला लावली. बल्ब पेटला, पण देवघरातल्या समईएवढा मिणमिणता, म्हणजे अर्थ नीट लागतच नव्हती. मग अर्थची तार शोधत घरामागे गेलो. ती नळाच्या जुन्या लोखंडी पाईपला गुंडाळलेली होती आणि पाईपभोवतीची काळी माती इतकी तडकलेली की भेगेत मनगटापर्यंत हात जात होता. पाईप मातीला टेकलेलाच नव्हता. त्याने दोन बादल्या पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबलो आणि दिवा हिरवा झाला.

त्या रात्री समजलं की आपल्या घरात वीस वर्षं अर्थिंग नव्हतीच. फ्रिज, कूलर, मोटार काही बोलत नव्हते म्हणून कळलं नव्हतं. चार्जर बोलला. तो आपल्या जिवासाठीच अडतो: गाडी रबरी टायरवर उभी, अंग लोखंडाचं. आत कुठे करंट उतरला आणि तुम्ही ओल्या अंगणात अनवाणी दाराला हात लावलात तर त्याला जमिनीत जायला तुमचाच रस्ता.

इथे हात जोडून एक सांगतो. काही जण हा लाल दिवा घालवायला सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग चालू होतं, आणि तोच सगळ्यात मोठा धोका. उद्या खांबावर न्यूट्रल तुटला तर गाडीच्या अख्ख्या अंगात फेज येईल. असं करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. घरात लहान मुलं असतात, गाडीखाली कुत्री झोपतात.

मी आठ फूट खड्डा केला, तांब्याची प्लेट टाकली, कोळसा-मिठाचे थर दिले आणि वर पाणी सोडायला नळी ठेवली. होळीपासून मृगापर्यंत आठवड्याला दोनदा पाणी घालतो. तुमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं, म्हणून तुमचा हिशोब वेगळा. खारी माती वीज चांगली वाहून नेते, पण लोखंड खाते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप लवकर गंजून जाईल, वरून दिसणारही नाही. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्या, मीठ टाकू नका, आणि दर वर्षी उन्हाळ्याआधी अर्थिंगचा विरोध मोजून घ्या.

वायर मीटरपासून वेगळी ओढा, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा). सॉकेट निळा इंडस्ट्रियल लावा. मिक्सरसाठी चालणारा साधा १५ अँपिअरचा सॉकेट सात-आठ तास सलग भार सहन करत नाही, माझ्या शेजाऱ्याचा वितळला. मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे आधीच टाका.

आणि व्होल्टेज. सव्वाशे किलोमीटरला बॅटरीतून अठराएक युनिट जातील, मीटरवर वीस-एकवीस पडतील. २३० व्होल्टला साधा चार्जर तीन किलोवॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे सात तास. डीपीच्या शेवटच्या टोकाला घर असेल आणि रात्री १८० व्होल्ट मिळत असतील तर तेवढ्यालाच नऊ तास लागतात, आणि मधे चार्जर बंद पडला तर सकाळी गाडी अर्धी. वडिलांचा प्रश्न नेमका इथे लागतो. एक गाडी म्हणजे डीपीवर दीड-दोन हॉर्सपॉवरच्या दोन मोटारींएवढा भार. रात्री अकरानंतर लावली तर कुणाला त्रास होत नाही. मात्र वावरातल्या मोटारीच्या कनेक्शनवर गाडी लावायचा विचारही नको. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला बंदी नाही.

महिन्याला पाचशे युनिट वाढले की घरगुती बिलाचा टप्पा वर जातो, हे धरून चला. छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर विदर्भाच्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दिवसा लाईनला द्यायची, रात्री गाडीला घ्यायची. पण लाईन गेली की हे सोलरही बंद होतं, त्यावर गाडी चार्ज होणार नाही. खांबावर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ती रचना तशीच असते. म्हणून मृगाच्या वादळांच्या दिवसांत मी बॅटरी साठ टक्क्यांखाली जाऊ देत नाही. एकदा दोन दिवस लाईन नव्हती आणि तिसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तेव्हा ते साठ टक्के कामी आले.

माझ्यासारखी चोवीस युनिटची गाडी तुम्हाला तोकडी पडेल. मे महिन्यात एसी लावून माझी दीडशेच्या आसपास जाते. रोज सव्वाशे म्हणजे जीव टांगणीला. तीस-पस्तीसच्या पुढची घ्या. समृद्धीवर १२० ने पळवायचा मोह झाला तर तीही झपाट्याने उतरते. नव्वदने चाला.

बुकिंगचे पैसे आत्ताच भरू नका. आधी आठ दिवस संध्याकाळी सात, रात्री अकरा आणि पहाटे पाचला घरातलं व्होल्टेज मोजून वहीत लिहा, आणि वायरमनकडून अर्थिंगच्या विरोधाचा आकडा घ्या. ते इथे टाका. त्यावरून साधा चार्जर पुरेल, स्टॅबिलायझर लागेल की डीपीसाठी आधी अर्ज करावा लागेल, ते मी सांगतो.