मंगळाची भूरूपं वाचताना आधी ऊन बघा

सुरुवातच हायराइजच्या (मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानावरचा बारीक तपशील टिपणारा कॅमेरा) चित्रांपासून करू नका. तिथे एका पिक्सेलमध्ये जेमतेम 25-30 सेंटिमीटर जमीन मावते. दगड दिसतात, दरी हरवते. आधी जेमार्स या मंगळाचे नकाशे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोलाचा (लेझरने उंची मोजणारं उपकरण) उंचीचा नकाशा उघडा, उतार समजून घ्या, मग सीटीएक्सवर या (एमआरओवरचाच, जास्त रुंद भाग टिपणारा कॅमेरा; पिक्सेलला सुमारे 6 मीटर).

चित्रात ऊन कुठून येतंय? एमआरओ तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास चित्रं टिपतं, म्हणजे उत्तर वर असेल तर उजेड साधारण डावीकडून. आपल्या डोळ्यांना वरून उजेडाची सवय, म्हणून विवर टेकडीसारखं फुगलेलं भासतं. डावी आतली भिंत काळी आणि उजवी उजळ असेल तर तो खड्डाच.

नागमोडी कंगोरा दिसला तर लगेच नाव देऊ नका. जुन्या नदीपात्रातली वाळू-गोटे सांधून कडक होतात, आजूबाजूचा मऊ थर वारा उडवतो आणि पात्रच उंच उरतं. फार सुंदर प्रकार! पण हिमनदीखालून वाहणाऱ्या पाण्याने साचवलेला गाळाचा कंगोरा, म्हणजे एस्करही तसाच दिसतो. माथ्यावरून उंचीचा छेद घ्या: एस्कर मधेच चढूही शकतो, नदीचं पात्र सहसा उतरतच जातं.

जितकी विवरं जास्त तितकी जमीन जुनी; पण वयासाठी विवरं मोजताना झुपक्यातली, साखळीतली दुय्यम विवरं (मोठ्या आघातातून उडालेल्या दगडांनी झालेली) वगळा. नाहीतर जमीन आहे त्यापेक्षा म्हातारी ठरते.