दीड महिन्याचं बाळ रात्री सारखं उठतं, दूध पिऊनही रडतं. दूध पुरत नसेल का?

बहुधा पुरतंय. दिवसभरात ६ किंवा जास्त लंगोट ओले होतात आणि वजन वाढतंय ना? मग घरचे काहीही म्हणोत, वरचं दूध सुरू करू नका. या वयात २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, संध्याकाळी तर तासातासाला. रडण्याचा जोरही सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असतो, ३-४ महिन्यांत ओसरतो.

रात्री रडायची वाट पाहू नका. मूठ चोखायला लागलं, मान वळवून तोंड उघडलं की घ्या. रडून लाल झालेलं बाळ स्तन नीट पकडत नाही, हवा गिळतं आणि पुन्हा रडतं. दिवा मंद ठेवा. लंगोट एका बाजूचं पाजून झाल्यावर बदला, म्हणजे दुसऱ्या बाजूला पिता पिता झोप लागते. मग खांद्यावर उभं धरून ५ मिनिटं पाठ चोळा. ढेकर नाही आला तरी चालतं. झोपवायचं पाठीवरच.

गुटी, मध, ग्राइप वॉटर काहीही नको.

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध पूर्ण नाकारणं: सकाळपर्यंत थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि तुमचाच संयम सुटत असेल तर बाळाला पाळण्यात ठेवून थोडा वेळ खोलीबाहेर जा. रागात जोरात हलवलं तर मेंदूला इजा होते.