2004 ची मारुती 800: पुढून खडखड येते, गाडी डावीकडे ओढते. गॅरेजवाला म्हणतो रॅक बदला. बदलावा का?

रॅकला, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीला, इतक्यात हात लावू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं अशी: खड्ड्यात पुढून खडखड, ब्रेक मारला की एकदाच 'टक', सत्तर-ऐंशीला स्टीअरिंग थरथरतं, गाडी डावीकडे ओढते, आणि दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही फरक नाही. यातल्या एकावरूनही रॅकच गेला असं ठरत नाही.

मी अलाइनमेंटच्या मशीनवर काम करतो. सांधे ढिले झालेली गाडी घेऊन येणारे आणि 'जरा अलाइनमेंट करून द्या' म्हणणारे रोज भेटतात. ढिल्या सांध्यावर आकडे जुळवता येतात हो, स्क्रीनवर हिरवेही दिसतात, पण पहिल्याच स्पीडब्रेकरवर चाक परत हवं तिकडे बघतं. तुमच्या दोन अलाइनमेंटचे पैसे बहुधा असेच गेलेत. ते काम सगळ्यात शेवटी.

आधी तो 'टक'. 800 ला पुढे स्टॅबिलायझर बार आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो असतो, हे खरंच. पण या गाडीत त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आतल्या बाजूला एका बुशवर (रबरी सांध्यावर) धरलेला असतो आणि त्याला पुढे-मागे सरकू न देणं हे या बारचं काम. बारचं टोक आर्ममधून आरपार जातं, तिथले रबरी बुश झिजले की ब्रेक मारताना चाक किंचित मागं सरकतं, ब्रेक सोडला की पुढं येतं. पहार लावून आर्म पुढे-मागे ढकलून बघा, ढिलेपणा डोळ्यांना दिसतो. बार बॉडीला जिथं पट्टीनं बांधलाय तिथलेही दोन बुश बघा. खड्ड्यातली खडखड पुष्कळदा तिथूनच येते. सगळा संच किरकोळ पैशात मिळतो. म्हणूनच कदाचित कोणी सुचवत नाही.

मग चाकं हलवून बघायची. पुढची बाजू उचला, पण नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावा. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवा. ढिलं लागलं तर टाय रॉड एंड (रॅककडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचं बाहेरचं टोक) किंवा रॅकच्या टोकाचा आतला जॉइंट. दुसऱ्या कोणाला हलवायला सांगून तुम्ही टाय रॉड एंडवर बोट ठेवा, कुठं खेळतंय ते बोटाला कळतं. नंतर 12 आणि 6 वर धरून हलवा. इथं ढिलं लागलं तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर चाकाचं बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा गोळीचा सांधा) किंवा वरचं स्ट्रट माउंटिंग (शॉकअप वर बॉडीला बसतो ती बैठक). बॉल जॉइंट निघाला तर मी आर्मसकटच बदला म्हणेन, आर्मचा बुशही नवा येतो. आणि तो निघाला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं करा. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं होतं.

टाय रॉड एंड काढताना मिस्त्री थेट बोल्टच्या टोकावर हातोडा घालायला लागला तर थांबवा. नट थोडा सैल करून तसाच ठेवायचा आणि ज्या डोळ्यात (भोकात) तो टेपर (निमुळता बोल्ट) बसलाय त्या डोळ्याच्या बाजूवर एक-दोन ठोके द्यायचे, टेपर आपोआप सुटतो. काढताना किती आटे फिरले ते मोजायचे आणि नवा तेवढाच बसवायचा, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुपाती पिन) नवीन घाला, जुनीच सरळ करून नको.

आता एक गोष्ट जी नव्वद टक्के ठिकाणी चुकते असं मला वाटतं. आर्मचा बुश बदलला की चाकं हवेत लोंबकळत असतानाच बोल्ट फुल टाइट करून टाकतात. या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा ते घसरत नाही, पिळतं. चाक खाली लोंबत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर टेकल्याक्षणी रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि कायम तसंच राहतं. मग काही महिन्यांत ते फाटतं आणि 'पार्ट डुप्लिकेट निघाला' म्हणून दुकानदाराला शिव्या. बोल्ट आधी हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि मग शेवटचं आवळा. हे काम करून घेताना समोर उभे राहा, एवढंच सुचवेन.

डावीकडे ओढण्याचं सोपं आहे. पुढच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करा. मग पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढ बाजू बदलून उजवीकडे आली तर दोष टायरचा. शिवाय आपले रस्ते पाणी जायला कडेकडे उतरते असतात, आपण डाव्या बाजूनं चालवतो, त्यामुळे थोडी ओढ डावीकडे असतेच. थरथरीसाठी आधी बॅलन्सिंग करा आणि रिम वाकलीय का बघा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क.

वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर एक हात पुढच्या स्प्रिंगवर ठेवा आणि कोणाला तरी उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकत, झटक्यानं फिरली तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर दोन्ही बाजूंचे बदला. स्प्रिंग काढायचं काम मात्र घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो.

हे सगळं झालं की अलाइनमेंट. या गाडीत पुढे फक्त टो (वरून बघितल्यावर चाकं आत की बाहेर वळलीत तो कोन) जुळवता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) लाल दाखवत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा गंजलंय, ते मशीन दुरुस्त करत नाही. कोकणातली गाडी असेल तर स्ट्रटच्या वरची बैठक नखानं खरवडून बघा. टो दोन्ही टाय रॉडवर सारखा फिरवायला सांगा. एकाच बाजूला फिरवून मग स्टीअरिंग व्हील काढून सरळ बसवणारे लोक आहेत. त्यानं रॅकचा मध्य हलतो आणि गाडी एका बाजूला कमी वळते.

इतकं करूनही स्टीअरिंग सरळ असताना बारीक खडखड हाताला जाणवली तर मग रॅक. त्यातही आधी रॅकचा बुश तपासायचा. रॅकखाली एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो आवळून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. रॅकचे दात मधेच जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक सरळच चालते. मधल्या झिजेपुरतं आवळलं की कडेला, पूर्ण वळणावर, स्टीअरिंग अडकतं.

बुश आणि सांधे तपासून झाले की काय निघालं ते कळवा, फोटो टाकलात तर आणखी बरं.