कासच्या फुलांसाठी कॅमेरा घेताय?

डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) हातात भारी दिसतो, एवढ्यावर भुलू नकोस. माझा पहिला वर्षभर कपाटातच पडून होता. सकाळी अजिंक्यतारा चढताना खिशात मावेल तो छोटा कॉम्पॅक्ट कॅमेराच सोबत यायचा.

तुला टिपायचीत कासची फुलं. त्यातली सीतेची आसवं केवढी असतात? नखाएवढी! डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स साधारण २५ सेंटीमीटरच्या आत फोकसच धरत नाही. मग अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स वेगळी, तिचे पैसे वेगळे. चांगला कॉम्पॅक्ट झूम न करता पाच सेंटीमीटरवरून सहज टिपतो. स्क्रीन वळणारी असेल तर चिखलात लोळावंही लागत नाही. (मी लोळलोय. घरी काय ऐकलं, ते विचारू नकोस.)

कबड्डीचे सामने नाहीतर संध्याकाळची वरात काढायची असेल, तर मात्र डीएसएलआरच. त्याचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) चांगल्या कॉम्पॅक्टमधल्या ‘एक इंची’ सेन्सरच्या क्षेत्रफळाने साधारण तिप्पट, म्हणून अंधारात फोटो दाणेदार कमी येतो.

काहीही घे, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) निघते का तेवढं बघ. आणि कासच्या धुक्यातून आलास की कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेव, लेन्सला बुरशी फार लवकर धरते.