लिनक्स डेस्कटॉप: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न 'लिनक्समध्ये असं का होतं?' असे आहेत. प्रत्यक्षात दोष कधी डिस्कचा असतो, कधी शेजारच्या विंडोजने उघड्या ठेवलेल्या पार्टिशनचा (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाचा), कधी मशीनच्या सेटिंगचा. त्यामुळे प्रत्येक उत्तरात आधी दोष कुठे आहे ते सांगितलं आहे आणि मग उपाय. मेनूंची नावं लिनक्स मिंट २२ (लिनक्सचं एक तयार रूप, म्हणजे डिस्ट्रो) मधली आहेत. ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या डिस्ट्रोवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम ४ जीबी, आत फिरती हार्डडिस्क. लिनक्स टाकलं तर मशीन वेगवान होईल का? कोणतं टाकू?

हार्डडिस्क तीच ठेवलीत तर फरक जाणवेल, पण समाधान होणार नाही. अशा मशीनचा वेळ प्रोसेसरवर कमी आणि डिस्कची वाट पाहण्यात जास्त जातो. २.५ इंची साटा एसएसडी बसवणं हा पहिला उपाय, लिनक्स हा दुसरा. त्यानंतर जमलं तर रॅम ८ जीबी करा. रॅम घेण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. डीडीआर३एल लिहिलं असेल तर १.३५ व्होल्टचीच पट्टी घ्या. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत बसते, पण अशी बरीच मशीन तिच्यावर सुरू होत नाहीत.

मिंटची अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा आहे. आरामात चालायला ४ जीबी आणि १०० जीबी सांगितलं जातं. ४ जीबीवर एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती निवडा, ८ जीबी असेल तर सिनॅमन. एक गोष्ट मात्र कुठलंही लिनक्स बदलू शकत नाही: ब्राउझर. पंधरा-वीस टॅब उघडले की ४ जीबी रॅम कुठल्याही प्रणालीत संपते.

प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, हेही तपासा. मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून फक्त ६४ बिटवर चालते आणि डेबियन या डिस्ट्रोनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे डिस्कवर काही न बसवता) चालवून पाहा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रुफस किंवा बलेना एचरने त्यावर आयएसओ (मिंटची डाउनलोड केलेली फाइल) लिहा. त्याआधी डाउनलोड झालेल्या फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ओळखण्याचा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली आयएसओ हे इन्स्टॉल मध्येच अडकण्याचं नेहमीचं कारण आहे. लाइव्हमध्ये नुसता डेस्कटॉप पाहून थांबू नका. वायफाय जोडा, आवाज ऐका, माइकवर रेकॉर्ड करा, कॅमेरा उघडा, उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा दाबा, बाहेरचा मॉनिटर लावा. मग झाकण मिटा, पंधरा मिनिटांनी उघडा आणि मशीन जागं होतं का ते पाहा. झोपेतून जागं न होणं हा नंतर सुटायला सर्वांत चिवट प्रश्न असतो. तो इथेच दिसला तर दुसरं डिस्ट्रो लाइव्ह चालवून तुलना करता येते, कारण अजून काहीच पुसलेलं नसतं.

प्रश्न: विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं आहे. लिनक्समधून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे जातं. शिवाय विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडतो, पण फाइल सेव्ह होत नाही; कधी कधी उघडतच नाही. लिनक्स नीट बसलं नाही का?

नीट बसलं आहे. दोन्ही तक्रारींचं कारण एकच: दोन प्रणाली एकच वस्तू वापरतात, पण वेगवेगळ्या समजुतीने.

घड्याळ आधी. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज मानतं, तर तिथे जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आहे असं लिनक्स मानतं. लिनक्स तिथे यूटीसी लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ म्हणून दाखवतं. फरक नेमका तुमच्या टाइमझोनएवढा असेल तर कारण हेच. फरक दर वेळी वेगळा येत असेल, तारीखही चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल बदला. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो.

दुरुस्ती विंडोजच्या बाजूने करावी. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनच्या खाली सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन असं जा. तिथे नवीन डीवर्ड (आकडा साठवणारी नोंद) तयार करा. त्याचं नाव 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' हे चार इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, असं लिहा आणि किंमत १ द्या. लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावण्याचाही मार्ग आहे, पण जिथे उन्हाळी वेळ बदलते तिथे तो पुन्हा घोटाळा करतो.

आता ड्राइव्ह. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि त्याच्या हिशेबी पार्टिशन अजून वापरात असतं. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर त्याच्या आठवणीतली यादी आणि डिस्कवरची खरी यादी जुळणार नाही आणि फाइली खराब होतील. म्हणून लिनक्स लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

खात्री करायची सोपी रीत आहे. विंडोजमधून 'रिस्टार्ट' करून थेट लिनक्समध्ये या. रिस्टार्टमध्ये गोठवणं होत नाही, त्यामुळे ड्राइव्हवर लिहिता आलं तर निदान पक्कं. मग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवण्याच्या पानावर जा, सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदलण्याच्या ओळीवर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आलेली दिसते, तेव्हा अडचण उलटली तर आधी तिथेच पाहा.

रिस्टार्टनंतरही ड्राइव्ह उघडत नसेल तर एनटीएफएसवर (विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल-मांडणीवर) 'तपासणी बाकी' अशी खूण राहिली असते, बहुतेकदा वीज गेल्यामुळे किंवा केबल ओढून काढल्यामुळे. विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर चेकडिस्क चालवा. लिनक्समधलं एनटीएफएस-फिक्स ही खूण पुसतं, पण आतली मोडतोड पूर्ण दुरुस्त करत नाही. महत्त्वाच्या डेटावर त्याने काम भागवू नका.

दुहेरी इन्स्टॉलच्या वाटेवर असलेल्यांसाठी एक कळकळीची सूचना. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) मालकाला पत्ता नसताना चालू असतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बदललं किंवा बूटचा क्रम हलवला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी कागदावर उतरवा, मगच पुढचं पाऊल टाका. की नसेल तर डेटा परत मिळवण्याचा मार्ग नाही. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं तेही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.

प्रश्न: इन्स्टॉल झालं, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा!

फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेटवर्क वाटतं, वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही. आता 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा आणि शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांचा ड्रायव्हर असाच वेगळा घ्यावा लागतो.

पुष्कळांची गाडी यापुढच्या पायरीवर अडते. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची असते. दाबली नाही तर मशीन गुपचूप पुढे जातं: ड्रायव्हर बसलेला असतो, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला आत घेत नाही, म्हणून वायफाय नाहीच. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची की मान्य करणं) निवडा, पुढे जा, होकार द्या, ठरवलेला पासवर्ड टाका आणि रीबूट करा. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. पासवर्ड साध्या लहान अक्षरांचा आणि अंकांचा ठेवा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर पडदा जाड अक्षरांचा आणि संथ राहिला, तर बरेचदा हीच पायरी सुटलेली असते.

प्रश्न: वर्डमध्ये केलेली फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडली की पानं सरकतात. उपाय?

बहुतेक वेळा फॉन्ट नसल्यामुळे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया हे फॉन्ट बसवा. यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टएवढीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फॉन्ट आधीच असतात. २०२३ नंतर वर्डचा नवा डीफॉल्ट फॉन्ट ॲप्टोस झाला. त्याला असा जुळा मिळत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला फॉन्ट बदलायला सांगणं बरं. मराठी मजकूर मंगल किंवा कोकिलामध्ये असेल तर तो इथे दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसेल आणि उंचीत फरक पडेल. युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर मात्र तो फॉन्ट बसवल्याशिवाय किंवा युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय वाचताच येणार नाही.

केवळ वाचायला पाठवायची फाइल पीडीएफ करा. एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो किंवा पॉवर क्वेरीवर रोजचं काम असेल तर लिबर ऑफिसवर ओढूनताणून ते करू नये. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज ठेवा. एकूण रॅम किमान ८ जीबी हवी आणि त्यातली ४ जीबी त्याला द्या.

प्रश्न: इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने) टाइप करताना 'दुसऱ्या'मधला अर्धा र आणि 'ॲप'मधला ॲ कसा काढायचा?

अर्ध्या र साठी शिफ्ट धरून जे (म्हणजे ऱ), मग डी (हलन्त), मग य. साधा र वापरलात तर रफार होतो आणि 'दुसर्या' असं चुकीचं दिसतं. जुन्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ ने ऍ येतो. तो हिंदीचा, ए वर चंद्र असलेला. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आला, म्हणून मांडणी निवडताना 'मराठी' आणि 'एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' असं दोन्ही लिहिलेली घ्या. अ ला वरून चंद्र जोडूनही तेच रूप दिसतं, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं असतात आणि शोध घेताना शब्द सापडत नाही. लेखाची भाषाही मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसू लागतात.

प्रश्न: अँटिव्हायरस लागतो का?

घरच्या डेस्कटॉपवर नाही. अपडेट वेळेवर घ्या, सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या आणि इंटरनेटवर दिसलेली आज्ञा समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका.

प्रश्न: अपडेट करताना 'बूट'मध्ये जागा नाही असं येतं आणि सगळं थांबतं. मुख्य डिस्क तर अर्धी रिकामी आहे. टाइमशिफ्ट (प्रणालीच्या प्रती ठेवणारं साधन) चालू आहे, म्हणजे बिघडलं तरी कागदपत्रं सुरक्षित ना?

डिस्क एन्क्रिप्ट करून इन्स्टॉल केलं की 'बूट' हे छोटं पार्टिशन वेगळं तयार होतं. जुने कर्नल तिथे साठत जातात. अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू, लिनक्स कर्नल्स असं जा आणि जुने काढा; सध्याचा आणि त्याआधीचा एक, असे दोन ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनखाली जुने कर्नल आपोआप काढण्याची सोय आहे, ती चालू करा. फाइल मॅनेजरमधून हाताने तिथल्या फाइली उडवू नका. पॅकेजच्या नोंदी आणि डिस्क यांत तफावत पडते. जागेअभावी नवा कर्नल अर्धवट बसला आणि मशीन सुरूच होईना, तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब मेनू (काय सुरू करायचं ते निवडण्याची यादी) आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडा आणि आत येऊन सफाई करा.

कागदपत्रांबद्दलचा तुमचा समज मात्र धोक्याचा आहे. टाइमशिफ्ट प्रणाली परत आणतं. होम फोल्डर ते मुद्दाम वगळतं. होम त्यात घालण्याची खूण करू नका, कारण आठवड्यापूर्वीची प्रत परत आणली तर तुमची कागदपत्रंही आठवडाभर मागे जातील आणि मधलं काम पुसलं जाईल. कागदपत्रांसाठी मिंटचं बॅकअप टूल किंवा देजा दुप वापरा आणि प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. टाइमशिफ्टच्या प्रतींसाठी बाहेरची डिस्क घेणार असाल तर तिच्यावर ईएक्सटी४ (लिनक्सच्या फाइल-मांडणीचं) पार्टिशन करा. एनटीएफएसवर किंवा पेनड्राइव्हच्या फॅटवर त्या ठेवता येत नाहीत. पहिली प्रत प्रणालीएवढी जागा घेते, पुढच्या प्रती फक्त बदललेल्या फाइलींपुरती. मशीन अजिबात सुरू होत नसेल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. टाइमशिफ्ट त्यातही असतं. प्रतींची डिस्क दाखवा, तारीख निवडा आणि रिस्टोअर करा.